बावीस रुग्ण बरे होऊन घरी गेलो

१

फाइलमध्ये चारशे अकरा होता. त्याखाली चारशे तेरा होता. मधला कागद नव्हता.

मी रुग्णालयाच्या आवक-जावक टेबलावर बसते. येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हाताखालून जातो. मी शिक्का मारते, नंबर टाकते, रजिस्टरला चढवते, मगच तो वर जातो. तीस वर्षं हेच. लोक मला शिक्काताई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. पण नोंद चुकली, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्या सकाळी हेडक्लार्कने म्हटलं, तेही चार माणसांदेखत.

त्याआधी अर्धा तास नोटीस बोर्डावर मुलाखतीची यादी लागली होती. पद एकच, निर्जंतुकीकरण विभागाचा पर्यवेक्षक, कायम. यादीसमोर वाफेवाली उभी होती. ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे तळघरात वाफेच्या मशीनमध्ये घालून निर्जंतुक करणारी बाई ती. अकरा वर्षं कंत्राटावर. तिने यादी तीनदा वाचली आणि माझ्या खिडकीशी आली. "ताई, माझं नाव नाही," एवढंच म्हणाली. जणू चूक तिचीच होती.

बरोबर तिचा दीर होता. तो वर ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन, तोही कंत्राटी. ती त्याला भाऊजी म्हणते म्हणून अख्खं रुग्णालय त्याला भाऊजीच म्हणतं, अगदी मेट्रनसुद्धा. त्याचं नाव यादीत होतं. तरी आवाज त्याचाच चढलेला. वहिनीवर हा अन्याय आहे, मला मिळालं नाही तरी चालेल, पण वहिनीचा अर्ज शोधा, म्हणून त्याने मला हात जोडले.

मी रजिस्टर उघडलं. चारशे बारा, तिचं नाव, तारीख, वेळ, माझं अक्षर. मग वर जाऊन फाइल काढायला लावली, तर मधला कागद गायब. हेडक्लार्क म्हणाला, अर्ज आलाच नसेल, ताईंनी चुकून नोंद केली असेल, वय झालं. यंदाच बदलून आलेल्या अधीक्षक साहेबांनी घड्याळ पाहिलं. उद्या अकराला मुलाखती. तोवर अर्ज कुठे गेला हे कळलं तर ठीक, नाहीतर नोंद रद्द आणि माझ्याकडून लेखी खुलासा.

खुलाशाला मी घाबरत नाही, असे छप्पन्न लिहिले. पण या महिनाअखेरीला वाफेवालीला पंचेचाळीस पूर्ण होणार होती, आणि पंचेचाळीसनंतर कायम पदावर कोणाला घेत नाहीत. हा कागद गेला की तिचा जन्म कंत्राटातच गेला.

२

तळघरात तीन मशीनं आहेत. पोलादी, माणूस आत वाकून उभा राहील एवढी. दार उघडलं की वाफ तोंडावर येते. भिंतींचे पोपडे निघालेले, दिवा दिवसाही चालू. मी स्टुलावर बसले आणि तिला विचारलं, अर्जात लिहिलं काय होतंस?

"लिहिणार काय ताई. काम केलं, ते लिहिलं."

अर्जात एक रकाना होता: आपल्या कामातील एक ठळक कामगिरी दोनशे शब्दांत लिहा. हा रकाना कोणी काढला त्याला मी एकदा तळघरात उभा करणार आहे. काम करणाऱ्याला दोनशे शब्द सुचत नाहीत, आणि ज्याला दोनशे शब्द सुचतात त्याला काम सुचत नाही. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती ट्रे पुसत राहिली. म्हणाली, ते मशीन दोनचं झालं होतं ना मागल्या वर्षी, ते.

काय झालं होतं?

"बंद पडलं."

आपोआप?

"नाही. म्हणजे, बंद करण्यात आलं."

एकेक शब्द ओढून काढावा लागला. ज्या वर्षी ऑपरेशनच्या जखमा चिघळायला लागल्या आणि डॉक्टर नर्सांवर, नर्सा सफाईवाल्यांवर ढकलत होते, तेव्हा हिने मशीन दोनमधून निघणाऱ्या ट्रेंना खडूची फुली मारायला सुरुवात केली होती. कुणाला न विचारता. वर कोणाची जखम चिघळली की ती जाऊन ट्रे पाहायची. अकराच्या अकरा ट्रेंवर फुली. मग तिने सगळ्यांत खालच्या ट्रेत चाचणीची पट्टी ठेवली. उष्णता पुरेशी मिळाली की ती पट्टी काळी पडते. वरच्या ट्रेतली काळी, खालची फिकट. तबकडीवरचा काटा मात्र बरोबर आकडा दाखवत होता. दाराचं रबर खालच्या बाजूने झिजलं होतं आणि वाफ तिथून निसटत होती. नऊ दिवस तिने पट्ट्या जपून ठेवल्या. दहाव्या दिवशी मशीन बंद करून समोर उभी राहिली. दोन दिवस ऑपरेशनं रखडली, डॉक्टरांनी तिला वेडीवाकडी शिवीगाळ केली. पण रबर बदललं.

हे सगळं सांगताना तिने एकदाही 'मी' म्हटलं नाही. पट्ट्या ठेवण्यात आल्या, फुल्या मारल्या गेल्या, रबर बदललं. जणू तळघरात भूत वावरत होतं आणि कामं तेच करत होतं.

"मग अर्ज असाच लिहिलास?"

अर्ज तिने लिहिलाच नव्हता. ती सांगत गेली आणि भाऊजीने घरच्या कंप्युटरवर लिहिला. तिने न वाचता सही केली, भाऊजींचं मराठी चांगलं म्हणून. मूळ प्रत? भाऊजी म्हणतात, कंप्युटर बिघडला, सगळं पुसलं गेलं.

मी उठले तेव्हा ती मागून म्हणाली, मेट्रनबाई मला जाहिरात लागली त्या दिवशी म्हणाल्या होत्या, तू अर्ज करून बघच.

३

मेट्रनला राग यायला कारण होतं, आणि ते मला माहीत होतं. मशीनची रोजची तपासणी तिच्या सहीने होते. मशीन दोन कच्चं चालत होतं ते तीन आठवडे तिथे तिची सही होती, 'तपासले, ठीक' अशी. न तपासता केलेली. वाफेवालीच्या पट्ट्यांनी ती उघडी पडली आणि तिची एक वेतनवाढ रोखली गेली. इतकं कारण पुरतं. अर्जांची फाइल छाननीसाठी दोन दिवस तिच्याकडे होती, अशी वदंताही होती.

मेट्रनची खोली फिनेलच्या वासाची. तिने मला बसायला सांगितलं नाही. मी बसले. सरळ विचारलं, चारशे बारा तुम्ही काढलात का?

तिने खिडकी लावून घेतली. मग जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत देते, कारण तीस वर्षांत त्या बाईच्या तोंडून एवढं खरं मी ऐकलं नव्हतं.

"ती बाई मला डोळ्यांसमोर नको. दिसली की माझ्या सह्या आठवतात. पण उद्या माझंच पोट फाडायची वेळ आली, तर खाली मशीनसमोर तीच हवी. 'करून बघच' म्हणाले ते खरं, पण मनापासून म्हणाले. माझ्या तोंडून गोड काही निघत नाही त्याला मी काय करू."

फाइल तिच्याकडे आलीच नव्हती. ती हेडक्लार्कच्या कपाटातून थेट साहेबांकडे गेली. मी दारापर्यंत पोचले तेव्हा तिने हाक मारली. म्हणाली, पण अर्ज गहाळ कसा म्हणता तुम्ही? काल साहेब स्वतः मला सांगत होते, मशीन दोनबद्दल कोणीतरी फार छान लिहिलंय म्हणून.

४

साहेब जेवायला गेले होते. मी फाइल मांडीवर घेऊन तिथेच वाचायला बसले. तेवीस अर्ज. कोणी गणपतीच्या आरतीसारखं एका दमात स्वतःचं कौतुक केलेलं, कोणी 'मी प्रामाणिक व मेहनती आहे' लिहून मोकळं. मशीन दोन सापडलं ते सगळ्यांत खाली, चारशे एकतीसमध्ये. शेवटच्या दिवशी, पाचला दहा कमी असताना आलेला अर्ज. मीच घेतला होता. अर्जदार भाऊजी.

फुल्या होत्या, पट्ट्या होत्या, नऊ दिवस होते, रबर होतं. समासात साहेबांनी लाल पेनाने 'उत्तम' लिहिलेलं. आणि मराठी हे असं:

"यंत्र क्रमांक दोन पुरेसे तापलो नाही हे मी पाहिलो. मी सलग नऊ दिवस दुपारी थांबलो व पट्ट्या जमा केल्या. वरिष्ठांना लोखी कळविलो. अखेर मी यंत्र बंद केलो. त्यानंतर जखमा चिघळणे थांबलो व बावीस रुग्ण बरे होऊन घरी गेलो."

मला हसू आलं. बावीस रुग्ण बरे झाले आणि भाऊजी घरी गेला. साहेबांनी यावर 'उत्तम' मारलं होतं, म्हणजे वाचलं किती हे उघड होतं.

हसू ओसरल्यावर प्रश्न उरला. एकाच कामावर दोघांचा दावा. वाफेवाली माझ्याशी खोटं बोलली असेल का? तिला 'मी' म्हणता येत नव्हतं ते लाजेने, की मशीन बंद करायला ती पुढे झाली तरी डोकं मुळात भाऊजीचं होतं म्हणून? हा विचार माझ्या मनात आला, हे मी कबूल करते.

मी भाऊजीला निरोप पाठवला, की अर्जावर एक सही राहिली आहे. तो हसत आला. मी सहज म्हणून मशीन दोनचं विचारलं. तो जराही चाचरला नाही. म्हणाला, ताई, आम्ही दोघांनी मिळून केलं ते, वहिनी खाली आणि मी वर. "मी रोज जखमा पाहिल्या, मी मेळ घातला, मी डॉक्टरांना सांगितलं." बोलणं इतकं गोड आणि रेखीव, की ऐकत राहावं. सही करून तो गेला.

आणि मी जागच्या जागी बसून राहिले. 'पाहिल्या, घातला, सांगितलं.' हा माणूस 'मी पाहिलो' म्हणत नाही. 'मी केलो' म्हणत नाही. मग अर्जात ते कोण म्हणत होतं?

पुन्हा वाचलं. काही भागांत लोक 'मी केलो' बोलतात, ते मला माहीत आहे. पण 'रुग्ण गेलो' कोणत्या भागात बोलतात? 'चिघळणे थांबलो' कोण म्हणतं? आणि 'लोखी'? त्याला मी टंकनाची चूक समजले होते. 'ले' लिहिताना बोट घसरून 'लो' होईल, एकदा होईल. इथे अख्ख्या अर्जात एकही 'ले' शिल्लक नव्हता. एकसुद्धा नाही. ही बोटाची चूक नव्हती. कंप्युटरला हुकूम दिला होता: जिथे जिथे 'ले' दिसेल तिथे 'लो' कर. कंप्युटर आज्ञाधारक, त्याने 'लेखी'चंही 'लोखी' केलं.

असा हुकूम कोण देतो? ज्याच्यासमोरच्या मजकुरात 'मी थांबले' लिहिलेलं असतं, आणि ज्याला घाईने ते 'मी थांबलो' करायचं असतं. पाचला दहा कमी असताना.

चारशे एकतीस हा अर्ज बाईचा होता. फक्त त्याला मिशी लावली होती.

५

पण कपाटातून चारशे बारा निघाला कसा? किल्ली एकाच्याच कमरेला असते. मी हेडक्लार्कच्या टेबलावर रजिस्टर आपटलं आणि म्हणाले, माझी नोंद चुकली असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आता तेच लिहून द्या, सही-शिक्क्यासकट. खाली मीही लिहिते, की चारशे एकतीस हा चारशे बाराची नक्कल आहे आणि किल्ली तुमच्याकडे होती.

त्याचा चेहरा उतरला. आधी म्हणाला, मला आठवत नाही. मग आठवलं. शेवटच्या दिवशी दुपारी भाऊजी आला होता. वहिनीच्या अर्जाला एक दाखला जोडायचा राहिलाय, पाच मिनिटं द्या, लगेच आणून देतो. याने दिला. जावकला नोंद नाही, पोच नाही, काही नाही. नंतर विसरला, आणि यादी लागल्यावर घाबरला.

"दिलात कसा? अर्ज तिचा."

"अहो, घरचाच माणूस ना तो," तो म्हणाला. आणि खरंच त्याला यात काही चूक दिसत नव्हती. बाईचा कागद तिच्या घरच्या पुरुषाने मागितला तर विचारायचं काय? तिचा पगार, तिची रजा, तिचा डबा, सगळंच घरचं. मी त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या. बरं वाटलं.

भाऊजी मला स्ट्रेचरच्या लिफ्टजवळ भेटला. मी फक्त शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. "बावीस रुग्ण बरे होऊन घरी गेलो." तो हसला नाही. ओशाळेल असं मला वाटलं होतं. उलट तो चिडला.

"काम तिने केलं, मान्य. पण ताई, तुम्ही तिला ऐकलंत ना? झालं, पडलं, करण्यात आलं. मुलाखतीत असं बोलली असती तर दोन मिनिटांत बाहेर. 'झालं' म्हणू नको, 'मी केलं' म्हण, हे मी तिला दहादा सांगितलं, जमलं नाही. त्या कामाला तोंड मी दिलं. सांगता येत नाही ते काम नोकरीच्या उपयोगाचं काय? लिहिता लिहिता मला कळलं, की हे जो बोलू शकेल त्याचं आहे."

मी म्हणाले, मग तिचा कागद गायब केलास कशाला? दोन्ही राहू द्यायचे.

"दोन्ही सारखे दिसले असते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि चोरी वगैरे म्हणू नका. घरातलं घरातच राहिलं असतं. मी दादाला विचारूनच केलं."

दादा म्हणजे वाफेवालीचा नवरा.

मी तळघरात गेले आणि तिच्या हातात चारशे एकतीस दिला. बाकी काही सांगितलं नाही. हात पुसून, दिव्याखाली उभी राहून तिने तो सावकाश वाचला. ओठ हलत होते. 'घरी गेलो'पर्यंत आली, तिथून परत वर गेली, परत खाली आली. ती रडेल म्हणून मी धीराचं काही बोलणार होते.

ती म्हणाली, "ताई, हे सगळं मी केलं होतं?"

६

साहेबांपुढे मी रजिस्टर, हेडक्लार्कच्या दोन ओळी आणि चारशे एकतीस एकावर एक ठेवलं. 'लोखी' बोट ठेवून दाखवलं. त्यांनी आपला लाल 'उत्तम' पुन्हा वाचला. शेवटी म्हणाले, व्याकरणावरून मी कोणाला खोटं ठरवत नाही. दोघांनाही बोलवा, एकच प्रश्न विचारू. बाईंचा अर्ज नाही, तर त्या तोंडी सांगतील. ज्याचा दावा खोटा निघेल त्याचं कंत्राटही त्याच दिवशी संपेल.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, कामाच्याच कपड्यांत. डोळे सुजलेले. सकाळी घरात बैठक झाली होती. सासू, नवरा, दीर, जाऊ. कोणी ओरडलं नाही, सगळे समजुतीने बोलले. नवरा म्हणाला, तू फक्त 'आम्ही' म्हण. आम्ही दोघांनी केलं, एवढंच. म्हणजे त्याचा दावा खोटा पडत नाही, त्याचं कंत्राट वाचतं, आणि पद दोघांपैकी कोणालाही मिळो, घरातच येतं. 'मी' म्हणालीस तर त्याची दोन पोरं उपाशी मारशील. एका शब्दाचा प्रश्न आहे.

हे सांगून ती मला सल्ला विचारत होती का, मला कळलं नाही. मी काही सुचवलं नाही. मला सुचवण्याचा हक्क नव्हता. ती घरी जाणार होती, मी नव्हे.

फाइली पुढे करायला मी आत भिंतीशी बसले होते. समोर साहेब आणि बाहेरून बोलावलेल्या एक सर्जनबाई. आधी भाऊजी. काय बोलला तो! सुरुवात, अडचण, उपाय, निकाल, सगळं बांधेसूद, आकड्यांसकट. सर्जनबाई मान डोलवत होत्या. मी त्याला ओळखत नसते तर मीही त्यालाच घेतलं असतं.

मग ती. खुर्चीच्या कडेवर बसली. सर्जनबाईंनी विचारलं, मशीन दोनबद्दल सांगा, ते कोणी केलं?

ती खाली बघत होती. हात मांडीवर, वाफेने कायमचे लाल झालेले. साहेबांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. मला वाटलं, संपलं, आता 'झालं' येणार, नाहीतर 'आम्ही'.

"मी," ती म्हणाली. आणि पुढे काही नाही.

सर्जनबाई पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, कसं केलंत?

मग ती बोलली. बांधेसूद नाही, मागचं पुढे, पुढचं मागे. मी फुली मारली. मी पट्टी खाली ठेवली, कारण वाफ वर चढते आणि गार हवा तळाशी बसते, त्यात खालून वाफ निसटत असली की खालची कात्री कच्ची राहते. रबरावरून मी ओला हात फिरवला, तिथे चटका बसला. हा बघा. मनगटाचा डाग तिने पुढे केला. सर्जनबाईंनी चष्मा वर करून तो पाहिला आणि विचारलं, दुसरे उमेदवार म्हणतात, हे त्यांनीही केलं.

"अर्ज त्यांनी लिहिला," ती म्हणाली. "काम मी केलं. त्यांना विचारा, खालची पट्टी कोणत्या रंगाची होती."

त्याला परत आत बोलावलं. त्याने पांढरी सांगितलं. ती न शिजलेल्या भातासारखी पिवळट राहते, हे तळघरात उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि अर्जात त्याने रंग लिहिलाच नव्हता. तिने त्याला तो कधी सांगितला नव्हता. त्याने कधी विचारला नव्हता.

दुपारी निवडीचा आदेश निघाला. तिच्या नावाने. त्याच शिपायाच्या हातात दुसरा लिफाफा होता, भाऊजीचा.

७

आठवडाभराने तिचा नवरा माझ्या खिडकीशी आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. दांडगा, रागीट कोणीतरी डोळ्यांपुढे होता माझ्या. हा बारीक, थकलेला, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेला माणूस. मला ताई म्हणाला. एक कागद पुढे सरकवला. कौटुंबिक कारणास्तव पदाचा राजीनामा देत असल्याबद्दल. खाली वाफेवालीचं नाव, सहीची जागा मोकळी.

म्हणाला, नंबर टाकून ठेवा, सही ती करेल. घरात फार वाईट चाललंय. आई जेवत नाही. भाऊ बिनकामाचा बसलाय, पोरांची शाळा बंद. आमची चूल वेगळी झाली. "मी आईकडे जेवतो. तिला सांगितलंय, हे मिटेपर्यंत तुझ्या हातचं खाणार नाही."

आठ दिवस ती एकटीपुरतं रांधत होती आणि भिंतीपलीकडे तिचा नवरा भावाच्या ताटात जेवत होता. हे तिने मला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी माझ्यासमोरून जाताना नुसती मान हलवायची.

मी तळघरात फोन केला. ती वर आली, डोक्याला टोपी, हातात जाड हातमोजे. नवऱ्याकडे पाहून दाराशी क्षणभर थांबली. मग कागद घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. आता ती कागद शेवटपर्यंत वाचते.

तो म्हणाला, "सही कर. घरी चल. सगळं होतं तसं होईल."

"होतं तसं," ती म्हणाली. नुसते शब्द उच्चारून पाहिल्यासारखे. मग कागद घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला, हळूच, घरात ठेवत असेल तसा. "आज मंगळवार, उपासाचा दिवस. आई उपाशी असतील तर त्यांच्या गोळ्या जेवणाआधी देऊ नका, त्यांना चक्कर येते. पोरांच्या शाळेचं मी बघते. भाऊजींना सांगू नका मी बघितलं म्हणून."

"आणि मी?"

तिने हातमोजा ओढून बसवला. खालून शिपाई हाका मारत होता, तीन नंबरची वाफ सोडायची होती.

"तुम्हाला भूक लागली की या," ती म्हणाली आणि जिना उतरली.

तो बाकावर बसला. मी कागद चढवत राहिले. दोन वाजले, तीन वाजले. मी डबा उघडून त्याला विचारलं, त्याने मान हलवून नको म्हटलं. पाचला मी खिडकी लावली तेव्हा तो गेला होता. घराकडे गेला की तळघराकडे, ते मी पाहिलं नाही.